हात मोकळे, लक्ष गहाण

गाझियाबादच्या यूपी गेटपासून राजनगर एक्स्टेन्शनपर्यंत खांबांवरून जाणारा एलिव्हेटेड रोड 10.3 किलोमीटर लांब आहे. मार्च 2018 मध्ये तो खुला झाला तेव्हा इंदिरापुरम-वसुंधरा भागातल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खालच्या रस्त्यांवर सिग्नल, ई-रिक्षा आणि राँग साइडने येणारे यांच्यातून वाट काढताना जीव मेटाकुटीला यायचा. वर सिग्नल नाही, चौक नाही, हातगाडी नाही. रस्ता मोकळा म्हटला की मनही सैलावतं, आणि नेमकं तेव्हाच मनगटावरचं घड्याळ थरथरतं. ताशी 72 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला बरोबर 20 मीटर. घड्याळाकडे वळलेली नजर दोन सेकंदांनी परत आली, तर मधले 40 मीटर गाडी चालकाच्या डोळ्यांविना धावलेली असते.

हातात, कानात किंवा डोळ्यांवर चढवायची उपकरणं आता चैनीची राहिलेली नाहीत. 2023 या एका वर्षात भारतीय बाजारात अशी 13 कोटींहून जास्त उपकरणं आली. स्मार्टवॉच, इअरबड, फिटनेस बँड हे सगळे साधारण एकच आश्वासन देतात: फोन खिशात राहू द्या, आम्ही आहोत. गाडी चालवणाऱ्याला हे आश्वासन फार सोयीचं वाटतं. फोन हातात नाही म्हणजे पोलिसाची भीती नाही आणि अपघाताचीही नाही, असा त्याचा हिशेब असतो. त्यातलं पहिलं बऱ्याच अंशी खरं आहे. दुसरं का खरं नाही, ते या प्रकरणात पाहू.

ज्या शास्त्राने हे तपासलं त्याला ‘ह्यूमन फॅक्टर्स’ म्हणतात. माणूस चुकला की आपण त्याला बेपर्वा ठरवून मोकळे होतो. हे शास्त्र तिथे थांबत नाही. उपकरणात, जागेत किंवा कामाच्या पद्धतीत असं काय होतं की चूक करणं सोपं झालं, हे ते विचारतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 विमानं उतरताना चांगले वैमानिक चुकीचा दांडा ओढून चाकं मिटवत होते. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं तेव्हा कळलं की चाकांचा दांडा आणि पंखांच्या फ्लॅपचा दांडा शेजारी शेजारी आहेत आणि हाताला सारखेच लागतात. दांड्यांना वेगवेगळे आकार देण्याचा उपाय त्यातून निघाला. वैमानिक तेच राहिले, दांडे बदलले. रस्त्यावरच्या संशोधनानेही पुढे हाच मार्ग धरला.

डोळ्यांवर पडणारा पडदा

चालकाचं लक्ष मोजण्याचा पहिला गाजलेला प्रयोग अंगावर चढवायच्या उपकरणानेच झाला होता. 1960च्या दशकात जॉन सेंडर्स या अमेरिकन संशोधकाने एक हेल्मेट बनवून घेतलं. त्याला पुढे एक अपारदर्शक झडप होती. झडप खाली आली की चालकाला काहीच दिसत नसे आणि वर गेली की क्षणभर रस्ता दिसे. हे हेल्मेट घालून सेंडर्स स्वतः बॉस्टनजवळच्या खऱ्या हमरस्त्यावर गाडी चालवत.

प्रयोगाचे दोन प्रकार होते. एकात झडप ठरावीक वेळाने उघडे आणि आपल्याला किती वेग झेपतो ते चालकाने ठरवायचं. दुसऱ्यात वेग ठरलेला असे आणि आपल्याला केव्हा पाहावंसं वाटतं ते चालकाने ठरवायचं. यातून दिसलं ते असं: डोळे मिटल्यावर रस्त्याचं चित्र मनात काही काळ टिकतं, मग विटू लागतं. पुढे काय असेल याची खात्री क्षणाक्षणाला कमी होते आणि एका टप्प्याला चालकाला पाहावंच लागतं. वेग वाढला, रस्ता वळणाचा झाला की हा टप्पा लवकर येतो. म्हणजे प्रत्येक रस्त्याची लक्षाची एक मागणी असते आणि ती मोजता येते. 1967 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिलं जाणारं इग्-नोबेल पारितोषिक 2011 मध्ये सेंडर्सना याच प्रयोगासाठी मिळालं.

गाझियाबादचा लिंक रोड किंवा मोहननगरचा चौक सेंडर्सच्या मापाने पाहिला, तर तिथे लक्षाची मागणी किती असेल याचा अंदाज करता येतो. एक्सप्रेसवेवर समोरच्या गाडीचं पुढचं पाऊल बहुधा कळतं. मोहननगरला रिक्षा कुठे थांबेल, पादचारी दुभाजकावरून केव्हा उतरेल, समोरून कोण उलटा येईल, यातलं काहीच धरून चालता येत नाही. मनातलं चित्र तिथे फार लवकर शिळं होतं. परदेशातल्या रुंद, शिस्तीच्या रस्त्यांवर ठरलेल्या मर्यादा आपल्याकडे म्हणून सैल नाही, आणखी घट्ट धरायला हव्यात.

दोन सेकंदांचा हिशेब

झडपेचं हेल्मेट प्रयोगापुरतं ठीक होतं. रोजच्या आयुष्यात चालक काय करतात हे पाहायला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक या संस्थेने 100 गाड्यांत कॅमेरे आणि सेन्सर बसवले आणि लोकांना नेहमीसारखं वागू दिलं. 241 चालक, सुमारे 20 लाख मैल प्रवास. 2006 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार जवळजवळ 80 टक्के टकरींत आणि थोडक्यात टळलेल्या 65 टक्के प्रसंगांत, आधीच्या तीन सेकंदांत चालकाचं लक्ष रस्त्यावरून उडालेलं होतं. नजर सलग दोन सेकंदांहून जास्त बाहेर राहिली की धोका दुपटीच्या घरात जातो, हेही त्यातच दिसलं.

याच संस्थेने ट्रकचालकांचा अभ्यास 2009 मध्ये मांडला. धोक्याच्या प्रसंगाआधीच्या सहा सेकंदांपैकी मेसेज टाइप करणाऱ्यांची नजर सरासरी 4.6 सेकंद रस्त्यावर नव्हती आणि त्यांचा धोका 23 पटींनी वाढला होता. 2013 मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाने गाडीतल्या पडद्यांसाठी मार्गदर्शक मर्यादा घातल्या: एका वेळची नजर दोन सेकंदांच्या आत, आणि अख्खं काम मिळून बारा सेकंदांच्या आत. पडद्याच्या एका कोपऱ्यात कुठलं बटण ठेवायचं इथपर्यंतच्या निर्णयांवर आज या आकड्यांची छाया असते. मनगटावरचं घड्याळ मात्र गाडीचा भाग नाही. ते चालकाबरोबर आत येतं आणि या मर्यादांतून सहज निसटतं.

साताऱ्याहून आलेला फोन

लक्ष उडण्याचे तीन प्रकार मानले जातात: डोळे दुसरीकडे, हात दुसरीकडे, मन दुसरीकडे. पहिले दोन बाहेरून दिसतात. तिसरा दिसत नाही, म्हणून हँड्सफ्रीवर आपला भाबडा विश्वास बसतो.

1997 मध्ये डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिब्शिरानी यांनी टोरंटोतल्या 699 चालकांच्या फोनची बिलं तपासली. या सगळ्यांना अपघात झालेला होता. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होता आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यातून सूट मिळाल्याचं दिसलं नाही. पुढे युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी सिम्युलेटरवर दाखवलं की फोनवर बोलणाऱ्याचे डोळे समोर असतात, तरी समोरच्या वस्तू त्याच्या मनात नोंदल्या जात नाहीत. तो पाहतो, पण त्याला दिसत नाही.

नोएडा सेक्टर 62 मधल्या कंपनीतून संध्याकाळी इंदिरापुरमला परतणारा एखादा मराठी मुलगा डोळ्यांपुढे आणा. इअरबड कानात, साताऱ्याहून आईचा फोन.

“पोहोचलास का रे?”

“नाही गं आई, गाडीत आहे. बोल तू, हँड्सफ्री आहे.”

आई बोलू लागते. शेताच्या वाटणीचा विषय निघतो, काकांनी काय म्हटलं ते येतं. समोर बस अचानक लेन बदलते, ते आईला साताऱ्यात दिसत नाही. ती तिच्या ओघात प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट पाहते. तीच आई शेजारच्या सीटवर असती, तर बस पाहून वाक्य अर्धं टाकून म्हणाली असती, “अरे, सांभाळ!” स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये हेच तपासलं. चालकांना एका ठरावीक फाट्याने बाहेर पडायला सांगितलं होतं. शेजारच्या प्रवाशाशी गप्पा मारणारे जवळजवळ सगळे नीट बाहेर पडले, तर फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे फाटा चुकवून पुढे गेले. शेजारी बसलेला माणूस रस्ता पाहून बोलणं आवरतो. फोनवरच्या माणसाला आणि घड्याळातल्या मेसेजला ते जमत नाही.

फोन ठेवला म्हणजे सुटलो, असंही नाही. 2015 मध्ये अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या रस्ता सुरक्षा संस्थेसाठी झालेल्या अभ्यासात आवाजी हुकमावर चालणाऱ्या काही यंत्रणा वापरल्यावर मन पूर्ण परत यायला 27 सेकंदांपर्यंत वेळ लागत असल्याचं आढळलं. सिग्नल लाल असताना घड्याळाला उत्तर सांगून टाकणारा ताशी 40 किलोमीटरने निघाला, तर त्याचं मन ठिकाणावर येईतो तो 300 मीटर पुढे गेलेला असू शकतो.

मेंदू दोन कामं एकाच वेळी करतो असं आपल्याला वाटतं, तो खरं तर एकाच खिडकीवर दोन रांगा सांभाळणाऱ्या कारकुनासारखा वागतो: एकीकडे वळला की दुसरी रांग ताटकळते. अपवाद आहेत. स्ट्रेयर यांच्या 200 जणांच्या एका अभ्यासात सुमारे 2.5 टक्के लोक दोन्ही कामं तितकीच चांगली करू शकले. पण आपण त्या अडीच टक्क्यांत आहोत असं मानणाऱ्यांची संख्या त्याहून कितीतरी जास्त असते.

पवईचे आकडे

हे सगळं परदेशी चालकांचं झालं. भारतीय चालकांवरचं पक्कं काम मुंबईत, पवईच्या आयआयटीत झालं आहे. पुष्पा चौधरी आणि नागेंद्र वेलगा यांनी 100 परवानाधारक चालकांना सिम्युलेटरवर बसवलं आणि त्यांच्यापुढे अचानक प्रसंग उभे केले. एका प्रसंगात पादचारी रस्ता ओलांडायला लागतो, दुसऱ्यात कडेला उभी असलेली गाडी एकाएकी आडवी येते. चालकाला कधी साधं बोलायचं होतं, कधी डोकं लावून उत्तर द्यायचं होतं, कधी छोटा तर कधी लांब मेसेज लिहायचा होता.

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पादचाऱ्याच्या प्रसंगी प्रतिसादाचा वेळ साध्या संभाषणाने 40 टक्के, अवघड संभाषणाने 95 टक्के, साध्या मेसेजने 137 टक्के आणि अवघड मेसेजने 204 टक्के वाढला. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 14 मीटर कापते. एरवी एका सेकंदात सावध होणारा चालक अवघड मेसेज लिहीत असेल तर त्याला तीन सेकंद लागतील, म्हणजे ब्रेकवर पाय पडायच्या आतच गाडी 42 मीटर गेलेली असेल.

या आकडेवारीत सगळ्यात बोलकी ठरते ती 40 आणि 95 टक्क्यांमधली दरी. दोन्ही वेळी चालक नुसता बोलतच होता. हात तेच, डोळे तेच. बदललं ते फक्त डोक्यातलं काम. “कुठे आहेस?” आणि “सात-बारावर कोणाचं नाव आधी लावायचं?” हे दोन प्रश्न पोलिसाच्या नजरेत सारखेच, रस्त्याच्या दृष्टीने मात्र फार वेगळे.

डोळ्यांपुढेच पडदा आला तर?

घड्याळाकडे खाली पाहावं लागतं हाच दोष असेल, तर माहिती थेट डोळ्यांपुढे आणली की प्रश्न सुटेल, असं वाटणं साहजिक आहे. विमानांत हे केव्हाच झालं. गाझियाबादच्या हिंडन हवाई तळावर 2011 पासून असलेल्या सी-130जे सुपर हर्क्युलिस विमानांत वैमानिकापुढच्या पारदर्शक काचेवर वेग, उंची, दिशा उमटते. मान खाली घालायची गरज नाही. हेड-अप डिस्प्ले म्हणतात तो हाच.

अमेरिकेच्या नासामध्ये 1980 च्या सुमाराला सिम्युलेटरवर याची परीक्षा झाली. वैमानिक काचेवरचे आकडे पाहत विमान उतरवत होते आणि धावपट्टीवर एक दुसरं विमान मुद्दाम आडवं आणलं होतं. आठांपैकी दोन वैमानिकांना ते दिसलंच नाही. आकडे आणि धावपट्टी डोळ्यांच्या एकाच रेषेत होते, पण मन आकड्यांवरच खिळलेलं होतं.

2014 मध्ये बेन सॉयर आणि सहकाऱ्यांनी गूगल ग्लास या स्मार्ट चष्म्यावर असाच प्रयोग केला. सिम्युलेटरवर 40 तरुण चालक, पुढची गाडी करकचून ब्रेक मारते. ग्लासवर मेसेजला उत्तर देणारे ब्रेक मारण्यात फोनवाल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. प्रसंग टळल्यावर ते लवकर सावरले, ही जमेची बाजू. नुसती गाडी चालवणाऱ्यांच्या तुलनेत मात्र दोन्ही गट मागेच होते. ग्लास मागे पडली, पण चष्म्याचा विचार संपलेला नाही. कॅमेरा आणि बोलका सहायक असलेले रे-बॅन मेटा चष्मे मे 2025 मध्ये भारतात विक्रीला आले.

थरथरीचं काम

घड्याळाचं वेगळेपण पडद्यात कमी आणि थरथरीत जास्त आहे. फोन डॅशबोर्डवर पालथा टाकता येतो, त्वचेला अंगावरून उतरवता येत नाही. स्पर्शाने आलेली हाक टाळणं माणसाला अवघड जातं.

याचा पुरावा संशोधकांच्या स्वतःच्या साधनातच आहे. चालकाच्या मनावर किती भार आहे हे मोजण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत 2016 मध्ये आयएसओ मानक म्हणून मान्य झाली. तिच्या एका प्रकारात चालकाच्या डाव्या खांद्याजवळ नाण्याएवढं थरथरतं यंत्र चिकटवतात आणि बोटाला एक बारीक बटण बांधतात. दर तीन ते पाच सेकंदांनी यंत्र थरथरतं, आणि ते जाणवलं की चालकाने बोट स्टिअरिंगवर दाबायचं. अडीच सेकंदांत दाबलं नाही तर ती थरथर चुकली असं धरतात. मनावर भार जितका जास्त, तितका उशीर आणि तितक्या चुका. प्रयोगशाळेत हे साधन भार मोजतं. स्मार्टवॉच जवळपास हेच रस्त्यावर करतं, फक्त बोट दाबून काम भागत नाही. थरथरीपाठोपाठ कोणाचा मेसेज, काय लिहिलंय, उत्तर आत्ता द्यायचं की नंतर, ही साखळी सुरू होते.

टोरंटो विद्यापीठात बिर्सेन डोनमेझ यांच्या गटाने फोन आणि घड्याळ यांची सिम्युलेटरवर तुलना केली. घड्याळ मनगटावर असल्याने नजरेचं काम हलकं झालं, असं काही दिसलं नाही. 2018 मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ इथे सिग्नलला थांबून स्मार्टवॉचशी खटपट करणाऱ्या एका विद्यार्थिनीला दंड झाला. लक्ष वेधून घेण्याच्या बाबतीत हे घड्याळ मनगटाला चिकटवलेल्या फोनहून सुरक्षित नाही, असं न्यायाधिकाऱ्याने म्हटलं.

कायद्याला दिसतं तेवढंच

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात धरलेलं संपर्काचं उपकरण वापरणं हे धोकादायक वाहनचालनात धरलं गेलं. पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमांत रस्ता शोधण्यासाठी फोन वापरायची मुभा आहे, लक्ष विचलित होऊ नये या अटीवर. हा सगळा रोख हातावर आहे. मनगटावरच्या आणि कानातल्या वस्तूंचं नाव तिथे नाही.

नोंदीही हातापुरत्याच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2021 च्या अहवालात देशात 1,53,972 मृत्यू आहेत, त्यांतले मोबाइलमुळे झालेले 1,040. म्हणजे शंभरात एकही नाही. अतिवेगाच्या नावावर मात्र बहुसंख्य मृत्यू जमा आहेत. वेग टायर घसरल्याच्या खुणांवरून, गाडीच्या चुराड्यावरून सांगता येतो. लक्ष कुठे होतं हे पंचनाम्यात येत नाही आणि वाचलेला चालक ते आपणहून सांगत नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनने 2017 मध्ये आठ शहरांतल्या 1,749 चालकांना विचारलं तेव्हा 47 टक्क्यांनी गाडी चालवताना फोन घेतो असं कबूल केलं. ही कबुली आणि मंत्रालयाचा आकडा शेजारी ठेवले की नोंदीत केवढं भगदाड आहे ते कळतं.

2021 च्या मृतांत सुमारे 45 टक्के दुचाकीवरचे होते. वैशाली-कौशांबीत जेवण, किराणा पोहोचवणाऱ्या मुलांचा फोन हँडलवरच्या होल्डरमध्ये असतो आणि इअरबड हेल्मेटच्या आत. पोलिसाला आणि कॅमेऱ्याला हेल्मेट दिसतं, चलान फाटत नाही. ऑर्डरचा टणत्कार केव्हा होणार हे मात्र त्या मुलाच्या हातात नसतं. चालत्या बाइकवर त्याच्यापुढे निर्णय टाकला जातो. त्याला बेपर्वा म्हणून मोकळं होणं म्हणजे बी-17 च्या वैमानिकाला दोष देऊन दांडे तसेच ठेवण्यासारखं आहे.

गप्प बसायला शिकलेलं यंत्र

विमान वाहतुकीने यावर उत्तर शोधलं ते वेळ ठरवण्यात. 1974 मध्ये अमेरिकेत शार्लटजवळ एक प्रवासी विमान उतरताना कोसळलं. कॉकपिटमध्ये भलत्याच गप्पा चालल्या होत्या. 1981 मध्ये नियम आला: 10,000 फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलणं बंद. संभाषणावर सरसकट बंदी नाही, नाजूक टप्प्यात मात्र पूर्ण शांतता.

यंत्र चालकाच्या बाजूने उभं करण्याचा प्रयत्न नागपुरात झाला आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांवर टक्कर होण्याआधी इशारा देणारी उपकरणं बसवली गेली. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि नागपूर महापालिका त्यात एकत्र आल्या. इथला प्रत्येक इशारा समोरच्या रस्त्याबद्दल असतो, म्हणजे तो लक्ष रस्त्यावर परत आणतो. हीच कसोटी मनगटावरच्या यंत्रालाही लावता येते. झोप येत असल्याचं चालकाला सांगणारी थरथर आणि सेलमध्ये 60 टक्के सूट असल्याचं सांगणारी थरथर त्वचेला सारखीच लागते. फरक करणं यंत्र बनवणाऱ्याच्या हातात आहे.

गाडी चालू आहे हे फोनला वेगावरून कळतं. आयफोनमध्ये 2017 पासून त्या वेळी सूचना आपोआप थांबवण्याची सोय आहे. ऑर्डर बाइक थांबल्यावरच पुढे करणं कंपन्यांना तांत्रिकदृष्ट्या जड नाही. जड आहे ते दोन मिनिटांचा उशीर स्वीकारणं. तसं घडेपर्यंत आपल्या हाती आहे ते करावं: गाडी सुरू करण्यापूर्वी घड्याळ आणि फोन दोन्हींवर ड्रायव्हिंग मोड लावावा, मेसेजला आपोआप उत्तर जाईल असं ठेवावं, आणि घरच्यांना सांगून ठेवावं की उत्तर आलं नाही तर काळजी करू नका, गाडी चालू असेल. फोन करणाऱ्याचंही एक काम आहे. “गाडीत आहे” हे शब्द कानावर पडले की “पोहोचल्यावर कर” म्हणून त्याने ठेवून द्यावा. दुकानात नवं घड्याळ पाहताना त्यात काय काय आहे याची यादी विक्रेता न विचारता ऐकवतो. आपण विचारायचा प्रश्न एवढाच: हे गप्प केव्हा बसतं, आणि त्यासाठी मला दर वेळी आठवण ठेवावी लागेल की ते आपणहून बसेल?